टाचेतला एक थेंब: एका रक्तचाचणीचा इतिहास आणि तिच्या नावावर चाललेला व्यापार

१/
साखरविरहित शीतपेयाच्या डब्यावर, घटकांच्या यादीखाली, अतिशय बारीक अक्षरांत एक सूचना असते: फिनाइलकीटोन्युरिया असलेल्या व्यक्तींसाठी हे पेय नाही. ॲस्पार्टेम घातलेल्या पदार्थांवर ही सूचना छापणे भारतातही बंधनकारक आहे. डबा रिकामा करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो शब्द कधी पूर्ण वाचला असेल. त्या शब्दामागे ऑस्लोतील एक आई आहे, बर्मिंगहॅममधील दुसरी आई आहे, बावीस लिटर लघवी आहे आणि गाळणकागदावर वाळलेला रक्ताचा एक थेंब आहे.

२/
हा इतिहास आज सांगण्याला निमित्त आहे. मूल वेळेवर बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, अशा काळजीने पोखरलेल्या आईवडिलांसमोर सध्या ‘विशेष’ रक्तचाचण्यांच्या लांबलचक याद्या ठेवल्या जातात. एका थेंबात मेंदूच्या अडचणीचे कारण सापडू शकते, ही त्यांची आशा वेडी नाही. तसे एकदा खरोखर घडले आहे. मात्र ते कसे घडले, हे सोयीस्करपणे विसरले गेले आहे, आणि त्या विस्मरणावरच आजचा बराचसा व्यापार उभा आहे.

३/
१९३४, ऑस्लो. बोर्ग्नी एगेलान यांची दोन्ही मुले जन्माच्या वेळी निरोगी दिसत होती. मुलगी सहा वर्षांची झाली तरी मोजक्या शब्दांपलीकडे गेली नाही. चार वर्षांच्या मुलाला चालता येत नव्हते, बोलताही येत नव्हते. आईने डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. प्रत्येक ठिकाणी ती एक गोष्ट आवर्जून सांगे: मुलांच्या अंगाला आणि लघवीला एक चमत्कारिक कुबट वास येतो. प्रत्येक ठिकाणी ती गोष्ट ऐकून सोडून दिली जाई.

४/
अखेर ती आस्ब्यॉर्न फोलिंग यांच्यापर्यंत पोहोचली. फोलिंग वैद्य होते, आणि त्याआधी रसायनशास्त्राचे पदवीधर होते. नेहमीच्या तपासणीचा भाग म्हणून त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. मधुमेहाच्या रुग्णांच्या लघवीत कीटोन असले तर या द्रावणाने तांबूस-जांभळी छटा येते. नसले तर रंग तपकिरीच राहतो. येथे गडद हिरवा रंग आला. असा रंग त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता, आणि पुस्तकांतही त्याचा उल्लेख नव्हता.

५/
फोलिंग यांनी घाई केली नाही. मुलांना चालू असलेली सर्व औषधे आणि टॉनिके त्यांनी थांबवायला सांगितली; न जाणो, हिरवा रंग एखाद्या औषधाचाच असेल. पुन्हा तपासणी केली, पुन्हा हिरवा रंग आला. मग आईने घरून लघवी आणून द्यायची आणि त्यांनी ती प्रयोगशाळेत शुद्ध करत न्यायची, असा क्रम सुरू झाला. एकूण सुमारे २२ लिटर लघवीतून त्यांनी तो पदार्थ वेगळा केला: फिनाइलपायरुव्हिक आम्ल. त्यानंतर परिसरातील संस्थांमध्ये ठेवलेल्या ४३० जणांची लघवी त्यांनी तपासली. आणखी ८ जणांत तोच हिरवा रंग आला. त्यांत सख्खी भावंडे होती, म्हणजे विकार आनुवंशिक होता.

६/
यंत्रणा थोडक्यात अशी. दूध, डाळ, अंडी, मांस अशा प्रथिनयुक्त अन्नात फिनाइलॲलॅनिन नावाचे अमिनो आम्ल असते. यकृतातील एक विकर त्याचे टायरोसिनमध्ये रूपांतर करते. ते विकर जन्मतःच निकामी असेल, तर फिनाइलॲलॅनिन रक्तात साचत जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असले, तरच मुलाला विकार होण्याची शक्यता असते, आणि वाहक स्वतः पूर्ण निरोगी असतात. एवढ्या भयंकर परिणामाचे मूळ इतक्या साध्या बिघाडात असू शकते, ही गोष्ट १९३४ मध्ये अक्षरशः नवी होती.

७/
ते वर्ष मुळीच निष्पाप नव्हते. जर्मनीतील सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा १९३४ च्या जानेवारीत अमलात आला. त्याच वर्षी जूनमध्ये खुद्द नॉर्वेच्या संसदेने निर्बीजीकरणाचा कायदा संमत केला. ‘मंदबुद्धी’ असा शिक्का बसलेली माणसे म्हणजे बिघडलेला वंश, ही समजूत तेव्हा प्रतिष्ठित विद्यापीठांत विज्ञान म्हणून शिकवली जात होती. (इरावती कर्वे यांनी १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये ज्या ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले, ते याच सुप्रजननवादी विचारांचे मोठे अध्वर्यू होते. कर्वे यांच्या प्रबंधाचा निष्कर्ष गुरूंच्या गृहीतकाला पाठिंबा देणारा निघाला नाही, हे येथे नोंदवणे सुखद आहे.)

८/
अशा वातावरणात एका आईच्या तक्रारीवरून एक रसायनतज्ज्ञ सिद्ध करतो की ज्यांना सरसकट एका नावाखाली कोंडून ठेवले आहे, त्यांच्यातील काहींचा आजार म्हणजे एका आम्लाचा हिशेब चुकणे आहे. फोलिंग यांच्या शोधाचे हे सामाजिक वजन रासायनिक वजनापेक्षा कमी नव्हते. ब्रिटनमध्ये लायनेल पेनरोझ यांनी ते अचूक ओळखले. विकाराचे फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू, हे आजचे नाव त्यांच्याच वर्तुळातून आले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गाल्टन अध्यासन, जे सुप्रजननशास्त्रासाठीच स्थापन झाले होते, ते स्वीकारताना १९४६ च्या व्याख्यानात त्यांनी हाच विकार उदाहरणादाखल घेतला. त्यांचा हिशेब असा होता: हे एक जनुक नष्ट करायचे म्हटले तर लोकसंख्येतील सुमारे एक टक्का धडधाकट माणसांचे निर्बीजीकरण करावे लागेल. सुप्रजननाच्या घरातच सुप्रजननाची हवा काढून घेतली गेली.

९/
पण कारण कळले म्हणजे उपाय मिळाला, असे नव्हते. एगेलान यांच्या मुलांना त्या शोधाचा काहीही उपयोग झाला नाही. पुढची जवळजवळ सतरा वर्षे पीकेयूची चाचणी म्हणजे केवळ निदान होते. डॉक्टर रंग पाहत, नाव सांगत आणि मुलाला संस्थेत ठेवण्याचा सल्ला देत.

१०/
१९५१, बर्मिंगहॅमचे बालरुग्णालय. शीला नावाची सुमारे दोन वर्षांची मुलगी. उभे राहता येत नाही, बसता येत नाही, आजूबाजूच्या कशातही रस नाही, दिवसभर कण्हत पडून राहते. होर्स्ट बिकेल या तरुण जर्मन डॉक्टरांनी तिच्या लघवीत तो हिरवा रंग पाहिला आणि आईला निदान सांगितले. एका दुर्मीळ विकाराचे अचूक निदान केल्याचे समाधान त्यांना होते. आईला त्या समाधानाशी काही देणेघेणे नव्हते. रोज सकाळी ती प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभी राही आणि एकच विचारी: आता माझ्या मुलीसाठी काय करणार?

११/
वैद्यकाच्या इतिहासातील मोठ्या प्रश्नांत या प्रश्नाची गणना व्हायला हवी. उत्तर नव्हते म्हणून बिकेल, जॉन जेरार्ड आणि जीवरसायनतज्ज्ञ एव्हलिन हिकमन्स यांनी ते तयार करायला घेतले. लंडनच्या लुई वुल्फ यांनी दिशा सुचवली होती: दुधातील केसिन हे प्रथिन आम्लाने विघटित करायचे, ते कोळशातून गाळून त्यातील फिनाइलॲलॅनिन काढून टाकायचे, आणि उरलेल्या मिश्रणावर मुलाचे पोषण करायचे. हे काम हिकमन्स यांच्या विभागातील थंड खोलीत चाले. तयार होणारे मिश्रण चवीला आणि वासाला किळसवाणे होते.

१२/
काही महिन्यांत शीला बसू लागली, रांगू लागली, आधाराने उभी राहू लागली. डोळ्यांत ओळख आली. आता शंका उरली ती एवढीच की हा गुण खरोखर आहाराचा, की केवळ वाढत्या वयाचा आणि वाढत्या लक्षाचा? ती फेडण्यासाठी बिकेल यांनी आईला न सांगता मिश्रणात फिनाइलॲलॅनिन परत घातले. एका दिवसात आई धावत आली: दहा महिन्यांत मिळवलेले सारे मुलगी गमावून बसली होती. पुढे आईच्या संमतीने, रुग्णालयात, चित्रफितीवर नोंद ठेवून हाच प्रयोग पुन्हा करण्यात आला. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अहवाल आला.

१३/
तो पहिला, लपवून केलेला प्रयोग आजच्या कोणत्याही नैतिक समितीसमोर टिकणार नाही, आणि टिकूही नये. चांगल्या हेतूने केला म्हणून तो समर्थनीय ठरत नाही. त्या आईचा विश्वास हा त्या मिश्रणाइतकाच उपचाराचा भाग होता आणि तोच गृहीत धरला गेला. तरीही एक नोंद करायला हवी: बिकेल यांना स्वतःच्या यशावर शंका घ्यावीशी वाटली. मूल सुधारताना दिसत होते, आई आनंदात होती, प्रबंध लिहायला एवढे पुरेसे होते. ‘फरक पडला’ या वाक्यावर थांबणे फार सोपे असते.

१४/
शीला पूर्ण बरी झाली नाही. उपचार सुरू होईपर्यंत मेंदूची हानी होऊन गेली होती. आहार परिणामकारक ठरायचा तर तो जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हायला हवा, हे तिच्यामुळे कळले. आणि तेथेच लघवीची चाचणी अपुरी पडली. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात ओल्या लंगोटावर फेरिक क्लोराइड टाकून पाहण्याची पद्धत सुरू झाली. कल्पना सुंदर होती, पण लघवीतील आम्ल रंग येण्याइतके वाढेपर्यंत बाळ कित्येक आठवड्यांचे झालेले असे. रक्तातील फिनाइलॲलॅनिन मात्र दूध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच चढते. म्हणून रक्त. रक्ताला स्वतःची काही जादू नाही. तेथे उत्तर लवकर दिसते, एवढेच त्याचे कारण.

१५/
न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे रॉबर्ट गथ्री नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कर्करोगावर काम करीत होते. त्यांचा एक मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता. त्याला पीकेयू नव्हता. मुलामुळे गथ्री पालकांच्या संघटनेत ओढले गेले, आणि तेथे एका डॉक्टरांनी त्यांच्यापुढे अडचण मांडली: आहार चालू असलेल्या पीकेयूच्या मुलांचे रक्त वारंवार तपासावे लागते आणि पद्धत फार किचकट आहे. १९५८ मध्ये गथ्री यांच्या मेहुणीच्या मुलीला पीकेयू असल्याचे निदान झाले. ती तेव्हा पंधरा महिन्यांची होती. हानी झालेली होती.

१६/
गथ्री यांची युक्ती इतकी सुटसुटीत आहे की शाळेच्या प्रयोगशाळेतही ती समजावून सांगता येते. बॅसिलस सबटिलिस या निरुपद्रवी जिवाणूंना आगारच्या थरात पेरायचे आणि त्यात त्यांची वाढ रोखणारे एक रसायन मिसळायचे. फिनाइलॲलॅनिन भरपूर मिळाले तरच हा अडथळा मोडतो. आता बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब जाड गाळणकागदावर घ्यायचा, वाळवायचा, त्याची लहानशी चकती कापून त्या थरावर ठेवायची आणि रात्रभर उबेत ठेवायचे. सकाळी चकतीभोवती जिवाणूंचे मोठे वलय दिसले, तर रक्तात फिनाइलॲलॅनिन जास्त. वलयाचा आकार मोजला की प्रमाण कळते.

१७/
खरा चमत्कार वलयात नसून कागदात होता. नळीतले रक्त सांडते, बिघडते, त्याला बर्फ लागतो. वाळलेला थेंब पाकिटात घालून टपालाने पाठवता येतो. डोंगरातल्या प्रसूतिगृहातले बाळ आणि राजधानीतली प्रयोगशाळा यांच्यात आता फक्त टपालाच्या तिकिटाचे अंतर उरले. अमेरिकेच्या चिल्ड्रन्स ब्यूरोच्या साहाय्याने २९ राज्यांत सुमारे ४ लाख नवजात बाळांची तपासणी झाली. ३९ बाळांना पीकेयू असल्याचे आढळले, म्हणजे साधारण दहा हजारांत एक. १९६३ मध्ये गथ्री आणि त्यांच्या सहकारी ॲडा सूसी यांचा शोधनिबंध ‘पीडिॲट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

१८/
आता पैशाची गोष्ट; ती सहसा गाळली जाते. मागणी वाढल्यावर उत्पादनासाठी एका औषधकंपनीशी करार झाला. ५०० तपासण्यांच्या एका संचासाठी कंपनीने २६२ डॉलर किंमत सांगितली. तोच संच गथ्री यांच्या प्रयोगशाळेत सुमारे ६ डॉलरमध्ये तयार होत होता. गथ्री चिडले. या चाचणीवर त्यांनी स्वतःसाठी मानधन ठेवलेलेच नव्हते. संशोधन सार्वजनिक पैशातून झालेले असल्याने त्यावर कोणा एकाची मक्तेदारी असू नये, असा निर्णय सरकारी पातळीवर झाला. हे प्रकरण पुढे अमेरिकी सिनेटच्या सुनावणीतही गाजले. पुढे जगभर कोट्यवधी बाळांच्या टाचा टोचल्या गेल्या त्याचे श्रेय जिवाणूंना द्यावे तेवढेच या भांडणालाही द्यावे लागते.

१९/
मॅसॅच्युसेट्सने १९६३ मध्ये चाचणी सक्तीची केली. पाठोपाठ इतर राज्ये आली. यामागे पालकसंघटनांचा रेटा होता; अनेक वैद्यकीय संस्था विरोधात होत्या. त्यांच्या आक्षेपांपैकी काही केवळ अधिकाराच्या अहंकाराचे होते, पण सगळे नव्हते. काही बाळांत फिनाइलॲलॅनिन थोडेच वाढलेले असते आणि त्यांना उपचाराची गरज नसते. घाईघाईत अशा काही बाळांनाही कडक आहारावर ठेवले गेले. फिनाइलॲलॅनिन शरीराला आवश्यकही असते. ते फार तोडल्याने मुलांची उपासमार झाली आणि काहींना गंभीर इजा पोहोचली. चाचणी बरोबर असूनही तिचा अर्थ चुकीचा लावला, तर मूल दगावू शकते. विजयगाथांत हे पान नसते, पण ते फाडून चालणार नाही.

२०/
पर्ल बक यांचे नाव नोबेल पारितोषिकामुळे सर्वांना माहीत आहे. त्यांची मुलगी १९२० मध्ये चीनमध्ये जन्मली. ती इतर मुलांसारखी का वाढत नाही, याचे उत्तर शोधत आई देशोदेशीच्या डॉक्टरांकडे फिरली आणि शेवटी तिला न्यू जर्सीतील व्हाइनलँडच्या संस्थेत ठेवले. त्याच व्हाइनलँडमध्ये हेन्री गॉडर्ड यांनी ‘मंदबुद्धी’चे वंश शोधण्याचा उद्योग केला होता. १९५० मध्ये बक यांनी त्या मुलीविषयी लिहून लाज झुगारली. हजारो पालकांना त्या पुस्तकाने बोलते केले. मुलीला पीकेयू असल्याचे आईला कळले ते त्यानंतर कित्येक वर्षांनी, मुलगी चाळिशीच्या घरात असताना.

२१/
त्याच गाळणकागदावर पुढे इतर विकारही तपासले जाऊ लागले. सर्वांत मोलाची भर पडली ती कॅनडातील क्युबेकमध्ये, १९७० च्या दशकात. झाँ द्युसो यांनी वाळलेल्या थेंबातून जन्मजात थायरॉइड-न्यूनता ओळखण्याची पद्धत बसवली. हा विकार पीकेयूपेक्षा कितीतरी अधिक बाळांत आढळतो. भारतात तर साधारण हजार-बाराशे जन्मांमागे एक. उपचार म्हणजे रोज थायरॉक्सिनची गोळी, आणि ही गोळी जगातील स्वस्त औषधांपैकी एक आहे. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केली तर मूल इतरांसारखे वाढते. उशीर झाला तर गेलेली बुद्धी परत येत नाही.

२२/
१९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंग्नर यांनी अशा तपासण्यांचे निकष लिहिले. विकार महत्त्वाचा असावा, त्याची वाटचाल ठाऊक असावी, चाचणी विश्वासार्ह असावी, आणि मुख्य म्हणजे त्यावर मान्य उपचार उपलब्ध असावा. कोरड्या सरकारी भाषेत ती बर्मिंगहॅमच्या आईचीच मागणी आहे.

२३/
या निकषांवर आजचा बाजार तपासून पाहावा. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, निदान करणारी कोणतीही रक्तचाचणी आज अस्तित्वात नाही. ते निदान मुलाचे वागणे, खेळणे, संवाद पाहूनच होते. विकास मागे पडलेल्या मुलात काही रक्तचाचण्यांना मात्र ठोस जागा आहे: थायरॉइड, लक्षणे असतील तर चयापचयाच्या चाचण्या, धोका असेल तर शिशाचे प्रमाण, आणि जनुकीय तपासण्या. १९९१ मध्ये जनुक सापडलेला फ्रॅजाइल एक्स, तसेच गुणसूत्रांचे सूक्ष्म बदल दाखवणारी मायक्रोॲरे. मायक्रोॲरेने कारण अज्ञात असलेल्या मुलांपैकी साधारण १५ ते २० टक्के मुलांत काही उत्तर मिळते. ते उत्तर उपचार देईलच असे नाही, पण पुढच्या अपत्याचा धोका कळतो, इतर अवयवांकडे लक्ष ठेवता येते, आणि आईची ‘माझे काय चुकले’ ही टोचणी थांबते. हे थोडे नव्हे.

२४/
याउलट जे विकले जाते त्यात शेकडो पदार्थांच्या ‘अन्नसंवेदनशीलते’चे आयजीजी तक्ते असतात, आयजीजी तर कोणत्याही माणसाने खाल्लेल्या अन्नाविरुद्ध तयार होते, आणि ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही चाचणी नाकारतात. धातू बाहेर काढणारे औषध आधी देऊन मग लघवीतील ‘जड धातू’ मोजले जातात आणि ते औषध न घेतलेल्या माणसांच्या मानकांशी ताडले जातात, म्हणजे आकडा लाल येण्याची सोय आधीच केलेली असते. फोलिंग यांनी चाचणीपूर्वी सर्व औषधे बंद करायला लावली होती, हे येथे आठवावे. एक हिरवा रंग खरा आहे की नाही हे ठरवायला त्यांनी आठवडे घातले. आजच्या अहवालात चाळीस लाल आकडे असतात आणि त्या प्रत्येकावर उतारा म्हणून एक बाटली त्याच टेबलावर मिळते.

२५/
परिणाम केवळ खिशावर होत नाही. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात स्वमग्न असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला धातू काढण्यासाठी शिरेतून ईडीटीए देण्यात आले. रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरले आणि मूल मरण पावले. त्याच सुमारास अँड्र्यू वेकफील्ड यांची चौकशी चालू होती. एमएमआर लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा त्यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. चौकशीत सिद्ध झालेल्या गोष्टींत एक अशी होती: मुलाच्या वाढदिवसाला जमलेल्या बालकांचे रक्त त्यांनी प्रत्येकी ५ पौंड देऊन घेतले होते, आणि पुढे एका व्याख्यानात तो प्रसंग विनोद म्हणून सांगितला होता. त्यांचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. शीलाच्या कहाणीला १९५३ मध्ये स्थान देणारे ‘लॅन्सेट’ आणि हे ‘लॅन्सेट’ एकच. नियतकालिकाच्या नावाने सत्य ठरत नाही.

२६/
यावर ‘पालक भोळे असतात’ असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. एगेलान यांना लोक वेडीच समजत असतील. वास येतो म्हणून दारोदार फिरणारी बाई आणि इंटरनेटवर चाचणी शोधून आणणारी बाई यांच्या जिद्दीत फरक नाही. फरक समोर बसलेल्या माणसात आहे. एकीला फोलिंग भेटले, दुसरीला विक्रेता भेटतो. विक्रेता भेटतो कारण सरकारी दवाखान्यात बोलायला डॉक्टरांजवळ तीन मिनिटे असतात, वाचोपचाराची तारीख महिन्यांनी मिळते, आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे सांगून तिला अनेकदा परत पाठवलेले असते.

२७/
महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्याच्या यादीत जन्मजात थायरॉइड-न्यूनता आहे, विकासातील विलंबही आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजनाही आहे. गोव्याने तर त्याआधीच, २००८ मध्ये, राज्यव्यापी नवजात रक्ततपासणी सुरू केली होती. केरळने मोजक्या विकारांसाठी सरकारी रुग्णालयांतून ती चालवली. तरीही देशात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची टाच टोचली जाईल, अशी व्यवस्था आजपर्यंत उभी राहिलेली नाही. मोठ्या खासगी प्रसूतिगृहात ती पर्यायी सेवा म्हणून बिलात येते. आदिवासी तालुक्यातल्या बाळंतिणीला तिचे नावही ठाऊक नसते.

२८/
म्हणजे चित्र असे आहे. ज्या विकाराची नवजात बाळांत देशभर तपासणी होत नाही, त्या विकाराच्या रुग्णांसाठी शीतपेयाच्या डब्यावर कायदेशीर सूचना छापली जाते. जी चाचणी काही रुपयांच्या गोळीने मूल वाचवते ती पोहोचत नाही, आणि जिच्यापुढे काहीच करता येत नाही ती घरपोच मिळते. यात पालकांच्या अज्ञानाचा वाटा सर्वांत कमी आहे. टपालाने थेंब पाठवण्याची सोय साठ वर्षे जुनी आहे. आपल्याकडे टपालही आहे आणि आशासेविकाही आहेत. अडले आहे ते पुढच्या साखळीत: अहवाल कोण पाहणार, घरी कोण जाणार, गोळी कोण देणार, वर्षभर विचारपूस कोण करणार. ती साखळी जोडण्याची जबाबदारी शासनाची आहे, आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

२९/
सक्तीच्या तपासणीचे धोके नाहीत असे नाही. वाळलेल्या थेंबात संपूर्ण जनुकसंच असतो. अमेरिकेत टेक्सास राज्याने पालकांना न विचारता असे नमुने साठवून ठेवले, पालक न्यायालयात गेले आणि ५० लाखांहून अधिक कागद नष्ट करावे लागले. भारतात व्यवस्था उभारताना संमतीचा आणि साठवणुकीचा नियम पहिल्या दिवसापासून लिहिलेला हवा. बर्मिंगहॅमच्या त्या न विचारता घातलेल्या भुकटीची पुनरावृत्ती नको.

३०/
गथ्री १९९५ मध्ये वारले. उत्तरायुष्यात ते देशोदेशी फिरून आरोग्यखात्यांच्या अधिकाऱ्यांना गाळणकागद दाखवत आणि खर्चाचा हिशेब मांडत. त्यांच्या मेहुणीच्या मुलीला ती चाचणी पंधरा महिने उशिरा मिळाली. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या आजाराला तर त्या थेंबाचा काहीच उपयोग नव्हता.